पंडिता रमाबाई : कृपेने लाभलेले तारण

पंडिता रमाबाई यांचा जन्म सन १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा, उपवास व दानधर्म करीत सहकुटुंब देशभर हिंडले. शेवटी दुष्काळात आईबाप अंतरले. सन १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाईंचा बाप्तिस्मा झाला. तरी अंतःकरणास शांती नव्हती; धर्म पत्करला, परंतु तारणारा गवसला नव्हता. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की, पापक्षमा आपल्या विद्येने वा सत्कृत्यांनी नव्हे, तर केवळ ख्रिस्ताच्या मरणाने मिळते. तेव्हा होत्या तशाच त्या प्रभूस शरण गेल्या.

पुढे देवाच्या वचनांवर भिस्त ठेवून सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणिल्या व केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

जामखेडकडील बंधुभगिनींनो, दुष्काळ आपणांस नवा नाही. मंडळीच्या पटावर नाव आहे एवढ्याने स्वस्थ राहू नका. आणि आपण अयोग्य आहो म्हणून खचूही नका. इफिसकरांस पत्र २:८ हे वचन आज घरी वाचा, आणि ज्या देणगीवर बाई विसंबल्या तिजवर आपणही विसंबा.