सायलेन्सर घरी बदलायचाय? आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना भेटा

गाडीचा सायलेन्सर, म्हणजे इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी अख्खी धुराची लाईन, घरच्या घरी बदलता येते का? येते. पाने, नवी पॅकिंग, रबराचे हँगर आणि एक मोकळा रविवार एवढं लागतं. पण व्हिडिओ बघून थेट गाडीखाली शिरू नका. आज मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे, कारण यंत्र समजून घेऊन हात घालायचा म्हणजे काय, हे मला त्यांच्यामुळे कळलं. मी आष्ट्याचा. इथून किर्लोस्करवाडी तासाभराच्या आत. नाव सगळ्यांना माहीत, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची डिग्री नव्हती हे माझ्या वयाच्या बऱ्याच पोरांना माहीत नसतं.

त्यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घर वेदांताचं, आणि पोराचं लक्ष चित्रांत आणि यंत्रांत! मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार व्हायचं संपलं. दुसरा कोणी घरी परतला असता. यांनी रंग सोडले आणि रेघा धरल्या. यंत्रांची ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवायला लागले. मोकळ्या वेळात तिथल्याच वर्कशॉपमध्ये यंत्रं दुरुस्त करायची, अमेरिकन मासिकं वाचायची. म्हणजे त्या काळचं यूट्यूबच की, फक्त पॉज करायची गरज नव्हती.

मला यातली ड्रॉइंगची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाना हातात घेण्याआधी गाडीखालच्या लाईनचं साधं चित्र वहीत काढा. मोबाईलवर फोटो घ्याच, पण चित्र काढताना प्रत्येक भाग काय करतो हे विचारावं लागतं. इंजिनला लागून असतो मॅनिफोल्ड, तो सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र आणतो. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असतो आणि विषारी वायू तिथे कमी विषारी होतात. मग पाईप, मग सायलेन्सरचा डबा. त्यात भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात. आवाजाच्या लाटा आत आपटून विरतात.

डबा सडतो का? पेट्रोल जळलं की पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांब पळाली तर ती तापून बाहेर पडते. पण रोज घर ते बाजार, दोन किलोमीटर, एवढीच गाडी फिरली तर पाणी डब्यातच राहतं आणि तो आतून गंजतो. म्हणजे कमी चाललेल्या गाडीचा सायलेन्सर आधी जाऊ शकतो!

परत लक्ष्मणरावांकडे येऊ. बढतीच्या वेळी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतं. विकायच्या, दुरुस्त करायच्या, चालवायला शिकवायच्या. कंपनी आपली सुरुवात 1888 पासून मोजते. मग कडबा कापायचं यंत्र आलं, आणि मग लोखंडी नांगर. तो नांगर दोन वर्षं कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांना भीती होती. दोन वर्षं माल पडून, विचार करा. त्यातच बेळगावची कारखान्याची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनजवळ जमीन दिली, आणि 1910 मध्ये निवडुंग आणि नाग यांच्या माळावर वाडी उभी राहिली. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना पहाऱ्याची कामं दिली.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर, यापेक्षा भारी जुगाड मी ऐकलेला नाही. पण इथे थोडं थांबा. कन्व्हर्टर काढून नुसता पाईप जोडायचा हा जुगाड नाही. बीएस सहाच्या गाडीत कन्व्हर्टर काढला की ऑक्सिजन सेन्सर चुकीची खबर देतो, इंजिनचा दिवा लागतो, पीयूसी जाते, आणि मागे उभ्या असलेल्या पोराच्या छातीत धूर जातो. कायद्यालाही चालत नाही.

कामाचं एवढं लक्षात ठेवा. इंजिन पूर्ण थंड हवं. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, म्हणजे नाहीच. सपाट जागेवर स्टँड लावा, चाकांना अडण लावा. जुनी पॅकिंग परत वापरू नका. नवी लाईन आधी सैल बसवा, हँगरवर सरळ लटकली की मगच बोल्ट आवळा. पहिल्यांदा चालू करताना गाडी अंगणात हवी, बंद शेडमध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणूस मारतो. जोडावर फटफट आवाज आला तर तिथे गळती आहे. बंद करा, थंड होऊ द्या, परत आवळा.

वाडीने 1926 मध्ये पहिला पंप काढला. 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, तोवर कारभार मुलाकडे, शंतनुरावांकडे आला होता. त्या डिझेल इंजिनांची धुराची लाईन म्हणजे नुसता वर उभा पाईप. आमच्याकडच्या उसाच्या मळ्यात टक टक आवाज यायचा तो त्यातूनच, असं जुनी माणसं सांगतात. लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. 1969 मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.