जॉन गॉर्डन लॉरिमर : कतारची मोजदाद करणारा साहेब

दोहा शहराची सव्वाशे वर्षांपूर्वीची कुठलीही माहिती शोधायला लागा. वस्ती किती होती, पाणी कुठून आणायचे, मोत्यांच्या होड्या किती होत्या, काहीही. शेवटी एकाच ग्रंथापाशी येऊन थांबावं लागतं. तो म्हणजे इराणचं आखात, ओमान आणि मध्य अरबस्तान यांचं गॅझेटियर, आणि ते लिहिणारे जॉन गॉर्डन लॉरिमर. मी नोकरीनिमित्त दोह्यात राहतो. इथे जुन्या हवामानावर काम करणारे असोत, साथींच्या इतिहासावर असोत की कबिल्यांवर, हे नाव सगळ्यांच्या कामात येतं. आपल्याकडे मात्र ते फारसं कोणाला ठाऊक नाही. खरं तर या माणसाची नोकरी हिंदुस्थान सरकारची, ग्रंथ छापला कलकत्त्यात, आणि त्यातला मोत्यांचा सगळा व्यापार आपल्या मुंबईशी बांधलेला. म्हणून त्यांची हकिगत इथे सांगतो.

लॉरिमर यांचा जन्म १४ जून १८७० चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील पाद्री होते आणि घर विद्येचं. त्यांचा एक भाऊ डेव्हिड, हा काराकोरममधल्या बुरुशास्की भाषेचा मोठा अभ्यासक झाला. बहीण हिल्डा ऑक्सफर्डला ग्रीक शिकवायची. धाकट्या विल्यमने पुढे नव्या कराराचं स्कॉट्स बोलीत भाषांतर केलं. एका घरात इतके विद्वान म्हणजे कमालच! जॉन एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, आय.सी.एस. झाले, आणि पंजाब व वायव्य सरहद्दीकडे त्यांची नेमणूक झाली. तिथे सरकारी काम करता करता त्यांनी वझिरी पश्तूचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार केला. तो १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या लोकांत राहायचं त्यांची बोली, रीतरिवाज सगळं नीट लिहून काढायचं, ही सवय त्यांना आधीपासूनच होती.

१९०३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आखाताच्या दौऱ्यावर गेले. रशिया, जर्मनी, फ्रान्स या सगळ्यांचा डोळा त्या पाण्यावर होता आणि दोह्यात तर तुर्कांची फौजच बसलेली होती. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताशी नीट माहिती नव्हती. म्हणून एक हातात मावेल असं पुस्तक करायचं ठरलं आणि काम लॉरिमर यांच्याकडे आलं. मुदत मिळाली सहा महिन्यांची. प्रत्यक्षात ते काम त्यांना जन्मभर पुरलं आणि पानं झाली सुमारे ५०००.

जुन्या दप्तरांचे सारांश काढायचं कष्टाचं काम मुंबई इलाख्याच्या नोकरीतल्या जे. ए. सालडाणा यांनी केलं. कतारच्या कारभाराचाही एक सारांश त्यांच्या नावावर आहे. सालडाणा हे मूळचे मंगळूरकडचे. त्यांचं नाव आज फक्त अभ्यासकांना माहीत आहे आणि लॉरिमर यांचं सगळ्यांना. हे काही मला फारसं न्याय्य वाटत नाही, पण असो. नकाशा हंटर नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने केला. कतारची माहिती बरीचशी बहारीनच्या पोलिटिकल एजंटकडून आली.

आता या ग्रंथात आहे काय ते सांगतो. गावागणिक नोंद : कोणत्या कबिल्याची किती घरं, विहिरी किती, पाणी गोड की मचूळ, उंट किती, खजुराची झाडं किती. शिवाय हवामान आणि आरोग्य, खजूर, जनावरं, गलबतं, धर्म आणि पंथ, साथीचे रोग, गुलामांचा व्यापार, मोती या सगळ्यांवर स्वतंत्र परिशिष्टं. आज यातल्या एकेका विषयाला विद्यापीठात वेगळा विभाग असतो, वेगळं अनुदान असतं. तेव्हा हे सगळं एका माणसाच्या टेबलावर येत होतं.

कतारची एकूण लोकसंख्या त्यांनी अंदाजे २७,००० धरली आहे आणि दोह्याची १२,०००, तुर्की शिपाई धरून. शहराच्या पाण्याच्या विहिरी मुशैरिबला होत्या. आज तिथे मेट्रोचं मोठं जंक्शन आहे, खाली तीन लाइन एकत्र येतात, आणि रोज तिथून जाणाऱ्या कितीकांना माहीत नसतं की त्या नावातच पाणी पिण्याची जागा असा अर्थ आहे.

मोत्यांचं परिशिष्ट मात्र सावकाश वाचण्यासारखं आहे. सबंध आखातात मिळून ४५०० च्या आसपास होड्या आणि ७४,००० माणसं मोत्यांच्या मोसमात समुद्रावर असत. त्यात कतारच्या होड्या ८०० च्या वर, आणि त्यांवरची माणसं जवळजवळ १३,०००. आता हा आकडा त्या २७,००० शेजारी ठेवा. होड्यांवरचे काहीजण बाहेरून आलेले असणार हे धरलं, तरी उन्हाळ्याचे चार महिने कतारच्या गावांत बायका, मुलं आणि म्हातारे सोडून कोण उरत असेल? ही गोष्ट लॉरिमर यांनी कुठे रंगवून सांगितलेली नाही. त्यांच्या आकड्यांतूनच ती दिसते.

होडीचा प्रमुख म्हणजे नाखुदा. कोकणातल्या माणसाला हा शब्द परका नाही, आपला नाखवा तोच. नाखुदा व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचा आणि बुडी मारणाऱ्याला मोसमाआधी घरखर्चाला आगाऊ रक्कम द्यायचा. मोसम वाईट गेला की ती फिटायची नाही, पुढच्या वर्षावर जायची. कर्ज फिटेपर्यंत दुसऱ्या नाखुद्याकडे जाता येत नसे, आणि बाप मेला तर ते मुलाच्या डोक्यावर येई. बुडी मारणाऱ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. कतारमधल्या गुलामांची आणि मोकळ्या केलेल्या हबशांचीही नोंद गॅझेटियरमध्ये आहे. मुशैरिबमधल्या बिन जेलमूद हाउस या संग्रहालयात आता हा गुलामीचा इतिहास उघडपणे मांडलेला आहे. वर आलेला मोती मात्र मुंबईच्या बाजारात यायचा, तिथे पारखला जायचा, भोकं पाडून ओवला जायचा आणि युरोपात रवाना व्हायचा.

मुंबईहून आणखीही एक गोष्ट जाऊ शकत होती, ती म्हणजे प्लेग. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला देशोदेशींची परिषद भरली. आखातातल्या बंदरांत मुंबईच्या बोटींवर क्वारंटाइन लागलं. साथींचं परिशिष्ट हाच भाग मांडतं. कोणत्या बंदरात कोण डॉक्टर, खर्च कोणाचा आणि अधिकार कोणाचा, यावरून तुर्क, इराणी आणि इंग्रज यांची ओढाताण. करोनाच्या दिवसांनंतर हे वाचताना तर ते अजिबात जुनं वाटत नाही.

गॅझेटियर हा प्रकार आपल्या समाजालाही नवा नाही. जेम्स कॅम्पबेल यांच्या मुंबई गॅझेटियरच्या कुलाबा खंडात (१८८३) आणि पुणे खंडात (१८८५) बेने इस्राएलांचं वर्णन आहेच : शनिवार तेली हे नाव, घाणे, सण, कपडे, स्वभाव. त्यातलं काही बरोबर, काही वरवरचं. पण आपल्याकडे हाईम सॅम्युएल केहीमकर होते. त्यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास स्वतः लिहून पुरा केला, जरी तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं. साहेबाने लिहिलेलं आणि घरच्याने लिहिलेलं, दोन्ही आपल्याला शेजारी ठेवून बघता येतं. कतारच्या त्या १३,००० माणसांमध्ये कोणी केहीमकर नव्हता. त्यांची गाणी राहिली, घरोघरच्या आठवणी राहिल्या. पण कागदावर ती माणसं सापडतात ती मुख्यतः लॉरिमर यांच्या तक्त्यांत, आकडा म्हणून, आणि तेही अशा ग्रंथात, जो त्यांना वाचायला मिळणारच नव्हता. कारण गॅझेटियर गुप्त होतं, फक्त सरकारी अधिकाऱ्यांसाठी. ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांना मोजणी दाखवायची सोय नव्हती. लॉरिमर यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे, पण ती कोणासाठी होती हे विसरून तो ग्रंथ वाचू नये असं माझं मत आहे.

भूगोलाचा दुसरा खंड आधी, १९०८ मध्ये निघाला. इतिहासाचा पहिला खंड रखडला. लॉरिमर पुढे बगदादला ब्रिटिश रेसिडेंट झाले. मुंबईचे ससून ज्या शहरातून आले तेच हे बगदाद, आणि तेव्हा तिथली ज्यू वस्ती भरभराटीत होती. तिथून ते आखाताचे रेसिडेंट म्हणून बुशहरला आले. ज्या प्रदेशाची इतकी वर्षं कागदावर मांडणी केली, त्याचा कारभार आता त्यांच्याच हाती आला होता. पण लवकरच, ८ फेब्रुवारी १९१४ रोजी, स्वतःचंच हत्यार हाताळताना गोळी सुटली आणि ते गेले. वय अवघं ४३.

उरलेलं काम कॅप्टन बर्डवुड यांनी पुरं केलं आणि पहिला खंड १९१५ मध्ये आला. गंमत म्हणा की दुर्दैव, मोत्यांचं, साथींचं, हवामानाचं ही सगळी परिशिष्टं याच खंडात आहेत. ज्यासाठी आज त्यांचं नाव घेतात त्यातलं बरंचसं त्यांनी बांधलेल्या पुस्तकात पाहिलंच नाही. त्याच साली तुर्की फौज दोह्यातून निघून गेली. पुढे १९३० च्या सुमारास जपानच्या कल्चर मोत्यांनी आणि जागतिक मंदीने मोत्यांचा धंदाही बसला.

गुप्ततेचा शिक्का १९५५ मध्ये उठला. नंतर कतारच्या अमिरी दिवाणाने सगळ्या ग्रंथाचं अरबीत भाषांतर करवून घेतलं, तेव्हा इथल्या लोकांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावाची नोंद आपल्या भाषेत वाचता आली. काहींनी त्यातल्या चुकाही काढल्या. २०१४ पासून मूळ इंग्रजी पानं कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतात. कोणी बघणार असाल तर आधी दुसऱ्या खंडातली कतारची नोंद काढा, आणि मग पहिल्या खंडाच्या शेवटी मोत्यांच्या परिशिष्टाकडे या. होड्यांचे तक्ते तिथेच आहेत, गावाच्या नावासकट.