विश्लेषण : शिकारीच्या रानात पर्यटक कसे आले? ‘क्रूगर’ घडवणारे स्टीव्हन्सन-हॅमिल्टन कोण होते?

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात आजही पर्यटक स्वतःची मोटार घेऊन फिरू शकतात. जवळपास २० हजार चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला नाव मिळाले ट्रान्सवालचे अध्यक्ष पॉल क्रूगर यांचे. तिथे ४० हून अधिक वर्षे राबले मात्र जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन.

सुरुवात कशी झाली?

१८६७ मध्ये स्कॉटिश जमीनदार घराण्यात जन्मलेले हे लष्करी अधिकारी बोअर युद्धासाठी दक्षिण आफ्रिकेत आले. युद्ध संपताच, १९०२ मध्ये ते साबी अभयारण्याचे पहिले वॉर्डन झाले. अभयारण्य १८९८ मध्येच जाहीर झाले होते, पण बेसुमार शिकारीमुळे प्राणी थोडेच उरले होते. त्यांनी गस्त बसवली आणि चोरटी शिकार करणाऱ्या गोऱ्या पोलिसांवरही खटले भरले. हरणे वाढावीत म्हणून सिंह, बिबटे आणि रानकुत्रे मात्र सरसकट मारले जात. तेव्हा संवर्धनाचा अर्थच तसा होता.

‘स्कुकुझा’ हे नाव कुठून आले?

अभयारण्य रिकामे करण्यासाठी तिथल्या दोन-तीन हजार आफ्रिकी रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. त्सोंगा भाषिकांनी त्यांना ‘स्कुकुझा’ म्हटले. झाडून साफ करणारा, उलथापालथ करणारा असे त्याचे अर्थ सांगतात. १९३६ मध्ये उद्यानाच्या मुख्य तळाला हेच नाव दिले गेले. ते गौरवाचे म्हणून मिरवले जाते, पण ज्यांची घरे गेली त्यांच्या तोंडी ते कौतुकाचे असेल असे वाटत नाही.

पर्यटक आले कसे?

पहिल्या महायुद्धानंतर संकट वेगळे होते. शेतकऱ्यांना चराईसाठी कुरणे हवी होती, कंपन्यांना जमीन. नुसते राखून ठेवलेले रान सरकार किती दिवस राखणार? उत्तर रेल्वेने दिले. १९२३ मध्ये रेल्वेने नऊ दिवसांची सहल सुरू केली. तिची गाडी अभयारण्यातून जायची, पण हे रान सहलीचे आकर्षण मानलेच गेले नव्हते. स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांच्या आग्रहाने गाडी साबी पुलापाशी मुक्काम करू लागली. बंदूकधारी रेंजर प्रवाशांना पायी रानात फिरवून आणत, रात्री शेकोटी पेटे. तोच थांबा सहलीतला सर्वात लोकप्रिय ठरला! प्राणी बघायला लोक पैसे मोजतात, हा पुरावा हाती आला.

१९२६ मध्ये मंत्री पीट ग्रोबलर यांनी संसदेत विधेयक आणले आणि राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. ग्रोबलर क्रूगर यांचे नातलग. शिवाय त्या नावामुळे आफ्रिकानर समाजाचा पाठिंबा सोपा झाला. १९२७ मध्ये मोटारींना प्रवेश मिळाला, शुल्क गाडीमागे एक पौंड. त्या वर्षी आल्या तीन गाड्या. पुढच्या वर्षी १८०.

मग सिंहांचे काय झाले?

पर्यटकांना सगळ्यात आधी सिंहच बघायचे होते. शिकारी प्राणी आपोआप समतोल राखतात, हे वॉर्डननाही अनुभवाने पटत गेले होते. सिंह मारण्याला आता ते विरोध करू लागले. दुसरीकडे मोटारींची गर्दी, तळांचा गोंगाट त्यांना खुपत असे. रान वाचवण्यासाठी बोलावलेले पाहुणेच त्याला भारी पडतील ही धास्ती होती.

१९४६ मध्ये ते निवृत्त झाले, १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे पत्नी हिल्डा यांच्या निधनानंतर दोघांची रक्षा स्कुकुझाजवळच्या शिरिमांतांगा टेकडीवर विखुरण्यात आली.