थर्मामीटर आणि केरोनाना छत्रे

एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांवर गेला की कोसाडात दुपारी रस्ते ओस पडतात. घरात कुणाला १०४ ताप भरला की आईची झोप उडते. हे दोन्ही आकडे एकाच तापमानाचे आहेत! पहिला सेल्सिअसचा, दुसरा फॅरनहाइटचा. या निमित्ताने आम्हाला केरोनाना छत्रे यांची आठवण होते.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२४ साली अलिबागजवळील नागाव येथे झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मुंबईत नातलगांकडे राहून ते शिकले. बाळशास्त्री जांभेकर हे त्यांचे गुरू. विशीच्या आतच ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. तेथे ठरल्या वेळी उपकरणे पाहून आकडे लिहायचे असत. एक वेळ चुकली तर ती नोंद पुन्हा कधीच मिळायची नाही. त्या काळचे थर्मामीटर फॅरनहाइटचे होते.

पुढे पुण्यात ते गणित व सृष्टिशास्त्राचे प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह जुळत नाहीत हे पाहून त्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६५ पासून त्यांच्या गणिताने नवे पंचांगही निघू लागले, पण फार थोड्यांनी ते स्वीकारले. नानांनी मात्र आपले गणित बदलले नाही. आम्हाला त्यांचा हाच गुण अधिक मोलाचा वाटतो. १८८४ साली ते निवर्तले.

कुलाब्याचे ते जुने आकडे आजच्या आकड्यांशी ताडून पाहायचे तर रूपांतर करावे लागते. बर्फ वितळण्यापासून पाणी उकळेपर्यंत सेल्सिअसचे १०० अंश, फॅरनहाइटचे १८० (३२ ते २१२). म्हणून फॅरनहाइटमधून आधी ३२ वजा करावे, मग ५ ने गुणून ९ ने भागावे. वह्या तपासताना आम्हाला नेहमी आढळणारी चूक म्हणजे आधी गुणाकार-भागाकार आणि मग वजाबाकी. तसे केल्यास १०४ चा ताप २५.८ वर येतो, म्हणजे रोगी थंडगारच! आणि ताप २ अंशांनी वाढला असे म्हटले, तर तेथे ३२ वजा करायचे नाहीत; ती वाढ सेल्सिअसमध्ये १.१ अंश एवढीच.

आता कुलाब्याच्या वहीत दुपारी ९५ अंश लिहिले आहेत असे समजा आणि आजचा आकडा काढा. उत्तर ३५ आले पाहिजे.