जमशेटजी टाटा : दान आणि धंदा

रामदासपेठेतून निघून सीताबर्डी ओलांडून गांधीसागर तलावाकडे गेलात, तर जेथे आज मॉल उभा आहे तेथे एके काळी एम्प्रेस मिल होती. तिचे संस्थापक जमशेटजी टाटा यांना आपण दानशूर म्हणून ओळखतो. परंतु समाजाचे भले दानाने अधिक होते की धंद्याने, हे पाहावयाचे तर त्यांची ही गिरणीच आधी पाहिली पाहिजे.

जमशेटजींचा जन्म १८३९ साली नवसारी येथे पारशी पुरोहितांच्या घराण्यात झाला. शिक्षण मुंबईस झाले. गिरणी मुंबईत न काढता त्यांनी नागपूर निवडले, कारण कापूस येथे पिकत होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. दलदलीची जागा मातीने भरताना पाहून एका सावकाराने भांडवल नाकारले. पुढे माती घालून सोने काढले अशी कबुली त्यानेच दिली, असे सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली.

कामगार वारंवार गैरहजर राहत. दुसऱ्या मालकाने दंड बसवला असता. जमशेटजींनी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला, १८९५ साली अपघाताची भरपाई. सरकारी कायद्याने अशी भरपाई मिळावयास १९२३ साल उजाडले. यात दया किती आणि हिशेब किती? माझ्या मते हिशेबच अधिक होता, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. दयेने मिळालेले मालकाच्या मर्जीवर असते; नियमाने मिळालेले मागता येते. अर्थात गिरण्यांच्या कापडाने मोमीन आणि कोष्टी विणकरांच्या हातमागाशी स्पर्धाही केली, हे आपल्या नागपुरात विसरून चालणार नाही.

आणि धंद्याने सारेच साधत नाही. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली, ते शुद्ध दानच होते. बंगलोरची ती संस्था १९०९ साली स्थापन झाली. जमशेटजी १९०४ सालीच वारले होते. गिरणी १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. संस्था चालू आहे.

पालकांनी विशेष लक्ष द्यावे ती गोष्ट मात्र दान आणि धंदा यांच्या मधली आहे. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी उभारला. पण पैसा बक्षीस म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. विद्यार्थ्याने मिळवता झाल्यावर फेडावयाचे आणि तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जावयाचा. घेणाऱ्याची मानही खाली जात नाही. सुरुवातीच्या लाभार्थींत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. मुलीला इतके शिकवून काय करावयाचे, असे त्या काळी घरोघर विचारले जात असे. पुढे केरळातील एका गरीब दलित घरातले के. आर. नारायणन याच निधीवर लंडनला शिकावयास गेले. १९९७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले.