बॉटनीचा कंटाळा असलेला डॉक्टर

बॉटनीचं जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या वहीतून उतरवून काढलंय कधी? मग आजचा हिरो तुम्हाला आपल्यातलाच वाटेल. विल्यम विदरिंग. जन्म १७४१, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं वेलिंग्टन गाव. वडील गावात औषधपाणी करायचे, त्यामुळे पोरानं डॉक्टर व्हायचं हे घरी जवळजवळ ठरलेलंच. (आपल्याकडचंच चित्र, नाही?) १७६२ मध्ये तो एडिंबराला मेडिकलला गेला. तिथे बॉटनीच्या प्रोफेसरांनी हुशार विद्यार्थ्यासाठी सुवर्णपदक ठेवलं होतं. त्या पदकाच्या मोहानंही हा विषय आपल्याला गोड लागणार नाही, असं त्यानं घरी पत्रातून सरळ कळवून टाकलं.

मग झाडांकडे तो वळला कसा? तुम्ही ओळखलंच असेल. शिक्षण संपवून तो स्टॅफर्ड नावाच्या छोट्या गावात प्रॅक्टिस करू लागला. तिथे हेलेना कुक्स नावाची एक तरुणी त्याची पेशंट होती आणि ती फुलांची चित्रं काढायची. डॉक्टरसाहेब तिच्यासाठी रानावनातून फुलं गोळा करू लागले. १७७२ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि १७७६ मध्ये तर ब्रिटनमधल्या वनस्पतींवर त्याचं जाडजूड पुस्तकच आलं. गंमत म्हणजे हे पुस्तक बायकाही वाचतील म्हणून त्यानं पुंकेसर-स्त्रीकेसरांची नेहमीची नावं टाळून भलतेच सोज्वळ शब्द वापरले. त्या काळातही ते काहींना हास्यास्पद वाटलं असणार.

आता मुख्य गोष्ट. १७७५ साली कुणीतरी त्याला एका घरगुती औषधाबद्दल मत विचारलं. श्रॉपशरमधली एक म्हातारी अंगावर पाणी चढलेल्या माणसांना ते द्यायची. पाय सुजलेले, पोट फुगलेलं, आडवं झालं की श्वास लागतो, लघवी अगदी थोडी. या दुखण्याला तेव्हा ड्रॉप्सी म्हणत. मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर कधीकधी या म्हातारीच्या औषधानं माणूस उठून बसायचा. कृती अर्थातच गुप्त. औषधात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग आता बॉटनीत इतका मुरला होता की यातली खरं काम करणारी एकच, हे त्यानं चटकन ताडलं. ती म्हणजे फॉक्सग्लोव्ह, शास्त्रीय नाव डिजिटॅलिस. जांभळ्या, बोटात घालता येतील अशा फुलांचं रानटी झाड. विषारी.

इंटरनेटवर या म्हातारीचं नाव मदर हटन असं सापडेल. तिचं चित्रही दिसेल. ते नाव १९२८ मधल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आलेलं आहे. खऱ्या बाईचं नाव विदरिंगनं कुठेच लिहिलं नाही. इतकं सगळं नोंदवणाऱ्या माणसानं नेमकं हेच लिहू नये, याचा मला थोडा रागच येतो.

कारण नोंदी हेच त्याचं खरं काम होतं. १७७५ मध्येच तो बर्मिंगहॅमला गेला. तिथे तो वर्षाला दोन-तीन हजार गरीब पेशंट फुकट तपासायचा. यांच्यावरच त्यानं फॉक्सग्लोव्ह वापरून पाहिलं. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे मान्य करणार नाही, तेव्हा ते चाललं. सुरुवातीला डोस फार जास्त आणि फार लवकर-लवकर दिला गेला, हे त्यानं स्वतःच पुढे कबूल केलं. आधी पानं उकळून काढा. मग चहासारखी गरम पाण्यात मुरवून. शेवटी वाळवून पूड. मूळ नको, फूल नको, फक्त पान. तेही झाड फुलावर येताना तोडलेलं, कारण ऋतू बदलला की पानाची ताकद बदलते. शेवटी तो आला एक ते तीन ग्रेन पुडीवर, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. एका म्हातारीच्या मूठभर पाल्यापासून इथपर्यंत यायला दहा वर्षं लागली.

मध्ये क्रेडिटवरून राडाही झाला. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे नवीन नाही. इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा, हे विदरिंगचे स्नेही. त्यांच्याच सांगण्यावरून तो बर्मिंगहॅमला आला होता. त्यांच्या एका पेशंटला विदरिंगनं फॉक्सग्लोव्ह दिलं. १७८० मध्ये डार्विननी हे उपचार छापून आणले आणि विदरिंगचं नाव घेतलं नाही. मैत्री संपली.

विदरिंगचं पुस्तक आलं १७८५ मध्ये. त्यात त्याच्या दीडशेहून जास्त पेशंटची हकिकत आहे. कोण बरं झालं, कोणाला काहीच फरक पडला नाही, कोण ओकून-ओकून अर्धमेलं झालं, कोण गेलं. निवडक चांगल्या केसेस छापल्या असत्या तर त्याचंच नाव झालं असतं, हे त्याला माहीत होतं. त्यानं सगळ्या छापल्या. डोस जास्त झाला की काय होतं तेही लिहिलं: मळमळ, सगळं पिवळं-हिरवं दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, झटके, मृत्यू. आणि एक नियम घालून दिला. औषधाचा परिणाम मूत्रपिंडांवर, पोटावर, नाडीवर किंवा आतड्यांवर, यातल्या कुठेही पहिल्यांदा दिसला की तिथेच थांबायचं.

हे वाचताना मी अडकले. गेल्या वर्षी माझ्या मामाला पायाच्या जखमेतून सेप्सिस झाला. म्हणजे इन्फेक्शनशी लढताना शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो, बीपी पडतं आणि आतले अवयवच मार खातात. मामाच्या किडन्यांनी मार खाल्ला. क्रिएटिनिन चढत गेलं, लघवी जवळजवळ थांबली. अ‍ॅडमिट करण्याआधी तीन दिवस मामी त्याला फॅमिली ग्रुपवर आलेला घेटुळीचा काढा देत होती. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, सुजेवरचं आपलं जुनं औषध. आयसीयूतल्या डॉक्टरांनी विचारलं, घरी काही पाला-काढा दिला होता का? मामी नाही म्हणाली. मी बाजूलाच उभी होते. मीही गप्प बसले.

विदरिंगला एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत नीट उमगली नाही. पेशंटला भरपूर लघवी होते म्हणजे औषध मूत्रपिंडांवर काम करतंय, असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच जणांचं हृदय थकलेलं होतं. डिजिटॅलिसनं हृदयाचा पंप नीट चालायचा, मग मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळायचं आणि पाणी उतरायचं. या औषधाची हृदयाच्या गतीवर विलक्षण सत्ता आहे, एवढं त्यानं टिपून ठेवलं होतं. कारण चुकलं, नोंद चुकली नाही. १९३० मध्ये या झाडाच्या भावंडातून डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं आणि ते आजही दिलं जातं. ते शरीराबाहेर पडतं मुख्यतः किडनीतून, म्हणून किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर साठून विष होतं.

सेप्सिसनं बिघडलेल्या किडनीसाठी खास असं औषध आज नाही. अँटिबायोटिक, सलाइन, बीपी सांभाळणं, गरज पडली तर डायलिसिस. म्हणून जगभर वनस्पतींतले घटक तपासले जातायत: हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, दारुहळदीतलं बर्बेरिन. उंदरांमध्ये यांनी दाह कमी होतो, किडनी वाचते, असे निष्कर्ष बरेच आहेत. पण त्यातल्या अनेक प्रयोगांत घटक आधीच दिलेला असतो, आणि तुमचा-माझा मामा काही सेप्सिस व्हायच्या आधी गोळी घेऊन बसत नाही. शिवाय कॅनडात सहाशेहून जास्त लोकांवर एक चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. सेप्सिसची नव्हे, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या ऑपरेशनची. कर्क्युमिन घेतलेल्यांपैकी १७ टक्के लोकांच्या किडनीला इजा झाली, न घेतलेल्यांत १० टक्के. हळद, जी आपण दुधात घालून पितो! अर्थात चिमूटभर हळद वेगळी आणि ग्रॅमच्या मापानं दिलेला अर्क वेगळा. डोसचाच तर मुद्दा आहे.

विदरिंगचं पुढचं आयुष्य सुखाचं नव्हतं. १७९१ च्या बर्मिंगहॅम दंगलीत जमाव त्याच्या घरावर चालून आला. फुफ्फुसं क्षयानं पोखरली होती, हवापालटासाठी दोन हिवाळे पोर्तुगालला काढले. ६ ऑक्टोबर १७९९ ला तो गेला, ५८ वर्षांचा. एजबॅस्टनच्या चर्चमधल्या त्याच्या स्मारकावर फॉक्सग्लोव्ह कोरलेलं आहे.

मामा घरी आलाय, डायलिसिस सुटलंय. काढ्यानं त्याचं बरं झालं की वाईट, की काहीच नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पुढच्या आठवड्यात फॉलोअप आहे. मी सोबत जाणार आहे, आणि मामीला म्हटलंय, तीन दिवसांत किती पाला, किती पाणी, किती वेळा दिलं ते आठवून एका कागदावर लिहून ठेव.