गांधीजींना आयुष्यभर पोटाने छळलं, पण त्यातूनच त्यांना पिठातल्या कोंड्याचं महत्त्व कळलं

ऑगस्ट 1942. 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे काँग्रेसचे मोठे नेते पकडले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांची रवानगी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं.

नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, हे नगरकर आजही अभिमानाने सांगतात. पण त्याच्याही आधी, कैदेच्या पहिल्या चार महिन्यांत, तिकडे पुण्यात गांधीजींनीही एक छोटं पुस्तक लिहून काढलं होतं. त्याचा विषय होता आरोग्य. 28 ऑगस्टला सुरू केलेलं हे लिखाण 18 डिसेंबरला संपलं. हिंदीत ते 'आरोग्य की कुंजी' या नावाने ओळखलं जातं.

त्यात एक साधा सल्ला आहे. धान्य जात्यावर दळा आणि पीठ चाळून कोंडा फेकू नका. कोंड्यात पोषण असतं आणि त्यामुळे पोटही साफ राहतं.

हा सल्ला आज कुठलाही आहारतज्ज्ञ देईल. पण तिथपर्यंत पोहोचायला गांधीजींना चाळीस वर्षं लागली आणि मध्ये दोनदा जीवावर बेतलं.

सात पौंडांचं जातं

गोष्ट सुरू होते दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गला वकिली करणाऱ्या गांधीजींना बद्धकोष्ठता होती, डोकंही वारंवार दुखायचं. जुलाबाची औषधं घेऊन वेळ निभावून न्यायची, असं चाललं होतं. मग निसर्गोपचारावरची जर्मन लेखकांची पुस्तकं त्यांच्या हाती लागली. सकाळचा नाश्ता बंद झाला, पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या आल्या.

बेकरीचा पाव बंद करून घरीच जाड्या पिठाची भाकरी करायचं ठरलं. गिरणीचं पीठ त्यासाठी चालेना, म्हणून सात पौंड खर्चून हाताने फिरवायचं जातं घेतलं. त्याचं लोखंडी चाक एकट्याला जड जायचं, दोघांना सोपं. गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुलं मिळून ते फिरवायचे.

1918: मरणाच्या दारात

1918 मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांचा आहार होता शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू. दूध त्यांनी 1912 मध्येच सोडलं होतं. त्यात आमांश झाला. सणाचा दिवस होता, कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी आणि मूग केले होते. पोट बिघडलेलं असूनही त्यांनी ते पोटभर खाल्लं आणि तासाभरात दुखणं उलटलं. दिवसाला 30 ते 40 वेळा शौचाला जावं लागायचं. तरी ते औषध घेईनात, इंजेक्शनलाही नाही म्हणाले. आपण आता वाचत नाही, असं त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं.

पुढे हवापालटासाठी ते माथेरानला आले, पण तिथलं जड पाणी मानवलं नाही. आमांशामुळे गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या आणि शौचाच्या वेळी असह्य वेदना व्हायच्या. आठवडाभरही न राहता ते खाली उतरले. शेवटी डॉ. दलाल यांना दाखवलं. अशक्तपणा जाईना, म्हणून डॉक्टरांनी दुधाचा आग्रह धरला. शपथ घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं दूध का नको, असा मार्ग कस्तुरबांनी काढला. ते दूध मग कायमचंच झालं. ते सुरू केल्यावर लवकरच डॉ. दलाल यांनी त्यांचं ऑपरेशन केलं.

1924: ससूनमधली रात्र

दुसरा प्रसंग पुण्यातला. येरवडा तुरुंगात असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. 12 जानेवारी 1924 च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पुरं करावं लागलं.

इथे ना माती कामाची होती, ना कोंडा. गांधीजींनी ऑपरेशनला संमती दिली आणि पुढची 24 वर्षं मिळाली. दांडी यात्रा त्यानंतरची आणि 'चले जाव'ही.

वर्ध्यातली प्रयोगशाळा

प्रयोग मात्र थांबले नाहीत. 1929 मध्ये सगळं कच्चंच खाऊन पाहिलं, पोट बिघडलं, ते सोडून दिलं. डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव. पॉलिशच्या तांदळाऐवजी हातसडीचा तांदूळ, गिरणीच्या पांढऱ्या पिठाऐवजी जात्याचं पीठ, साखरेऐवजी गूळ, हा त्यांचा प्रचार होता. त्यामागे गावातल्या बायाबापड्यांचा रोजगार होता, तसंच आरोग्यही होतं. मार्च 1946 मध्ये गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला राहिले आणि तिथे गावासाठी निसर्गोपचार केंद्र सुरू झालं. ते आजही चालू आहे.

कोंडा पोटात नेमकं काय करतो?

गांधीजींना एवढंच माहीत होतं की कोंड्याने पोट साफ होतं. पुढचं उत्तर विज्ञानाने नंतर दिलं. धान्याच्या सालीतला, डाळी-भाज्यांतला तंतू, म्हणजे फायबर, आपल्याला पचवता येत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. त्यातल्या काही प्रकारांवर तिथले जिवाणू जगतात आणि ते आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशींना मुख्य ऊर्जा मिळते ती या ब्युटिरेटमधूनच. चांगल्या जिवाणूंचं खाद्य ठरणाऱ्या अशा घटकांना 1995 मध्ये 'प्रीबायोटिक' हे नाव मिळालं.

सगळं फायबर प्रीबायोटिक नसतं. गव्हाचा कोंडा बराचसा न आंबता पुढे सरकतो आणि शौचाला मऊ, भरीव करतो. कांदा-लसणातलं इन्युलिन आणि डाळींमधल्या काही शर्करा जिवाणूंना जास्त आवडतात. म्हणून ताटात दोन्ही हवं.

नगर जिल्ह्यात हे ताट नवीन नाही. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम फायबर असतं, बाजरीत 11 ग्रॅमच्या पुढे. मैद्यात जेमतेम 3 ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाकरी, उसळ, पालेभाजी आणि कांदा असेल तर हा आकडा अवघड नाही. फक्त एकदम वाढवू नका, गॅस होतो. हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

आणि 1918 व 1924 ही दोन्ही वर्षं लक्षात ठेवा. शौचातून रक्त पडत असेल, तापासोबत जुलाब होत असतील किंवा पोटात उजवीकडे खाली दुखणं वाढत असेल, तर भाकरी-कोंड्याचे प्रयोग बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.